तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा रेडिओ कितीवर लागायचा?

शाळेत असताना आम्ही रेडिओ चालवायचो असं सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "कितीवर लागायचा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. कुठेच लागायचा नाही. आमचा रेडिओ तारेवरचा होता.

1991 साली मी आठवीत होते. लालबागमधल्या आमच्या शाळेत प्रार्थनेचा माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर होता, वर्गावर्गात लाकडी खोक्यातले स्पीकर होते. मधल्या सुट्टीतली 20 मिनिटं बाईंनी आम्हाला दिली. बातम्या लिहिणं, वाचणं, बटणं सांभाळणं सगळं मुलांकडे. बाई फक्त खोलीची किल्ली द्यायच्या.

हवेतून बोलायची सोयच नव्हती. रेडिओ म्हणजे आकाशवाणी. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते 1995 मध्ये. शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची, म्हणजे आपल्या परिसरापुरतं छोटं केंद्र चालवण्याची, दारं उघडली 2002 च्या अखेरीस, आणि तेव्हाही स्वतःच्या बातम्या द्यायला मनाईच. आमच्या 20 मिनिटांतली निम्मी तर बातम्यांचीच असायची! म्हणून त्या तारेचा मला आजही अभिमान वाटतो.

इतिहासाच्या सरांनी एकदा उषा मेहतांबद्दल सांगितलं. याच मुंबईत, 1942 च्या ऑगस्टमध्ये, 22 वर्षांच्या उषाताईंनी साथीदारांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकवत जागा बदलायच्या, नोव्हेंबरमध्ये पकडल्या गेल्या. त्यांचं केंद्र 42.34 मीटरवर लागायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या दारावर खडूने 42.34 लिहिलं. पुसलं गेलं की पुन्हा लिहायचो. तेव्हा आकडा हवाच असेल, तर तो हा.

सगळ्यात जास्त ऐकलं जायचं ते 'हरवले-सापडले'. एकदा स्टीलचा डबा आला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'सौ. सुलोचना'. या नावाची मुलगी शाळेत नव्हती. मी जसं होतं तसं वाचलं, सौसकट. पाचवीतला एक मुलगा जिने चढून धापा टाकत दारात आला. डबा घ्यायचं सोडून म्हणाला, "ताई, आजीचं नाव परत एकदा घ्या ना."

मी माइक पुन्हा चालू केला.