पुढे काय झाले, ते पडद्यावर पाहा

मंगळवार, रात्री साडेदहा

आज एकदाची पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन आले. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं येते-जाते, पण आत जायला आजीची गोष्ट निमित्त झाली.

आजीनं लहानपणी जत्रेतल्या तंबूत एक बोलपट पाहिला होता. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की ती त्याची गोष्ट सांगायची. चित्रपटाचं नाव तिला अर्धवटच आठवायचं. तेच अर्धवट नाव चिठ्ठीवर लिहून नेलं होतं.

ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी वाचली, आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "चित्रपट नाही हो मिळत आता. पुस्तिका आहे. बघता?"

चित्रपट का नाही, हे ठाऊक होतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. भडकन पेट घेणारी, नुसती पडून राहिली तरी चिकट होऊन कुजणारी. जी टिकली, त्यातली कितीतरी रिळं चांदी काढायला वितळवली गेली. पहिला भारतीय बोलपट, १९३१चा 'आलम आरा', त्याचीसुद्धा प्रत आज नाही. संग्रहालय निघालं १९६४ साली. तोवर हजारावर मूकपटांपैकी बहुतेक गेलेलेच होते. हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या मूकपटांची उरलीसुरली रिळं मिळवली नसती, तर आपल्याकडे तेवढंही राहिलं नसतं. त्या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. आणि २००३च्या जानेवारीत प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात आग लागून पुन्हा किती नायट्रेट फिल्म गेली, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

पण पुस्तिका होती. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना विकायची, गाणी पाठ करायला घरी न्यायची, ती गाण्यांची चोपडी. कागद चहाच्या रंगाचा झालेला, कडा हात लावला तर सुटतील अशा. टाचणीचा गंज उतरून मधल्या दोन पानांवर तपकिरी डाग पडलेला. तिसऱ्या गाण्याशेजारी कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं बारीक फुली केली होती. त्या माणसाला तेच गाणं आवडलं असणार. मी त्या फुलीकडेच किती वेळ बघत बसले.

मग कथासार वाचलं. आजी सांगायची तश्शीच गोष्ट! सावत्र भाऊ, गहाण पडलेलं शेत, पुराच्या रात्री घर सोडून गेलेली सून. अंगावर काटा आला. शेवटचा परिच्छेद मात्र मध्येच थांबलेला: पुढे काय झाले, ते पडद्यावर पाहा.

तेव्हा बऱ्याच पुस्तिकांत असं छापायचे, लोकांनी तिकीट काढावं म्हणून. आता तो पडदाच नाही.

आजीनं शेवट शेकडो वेळा सांगितला असेल, आणि मला तो आठवेना. दरवेळी त्याआधीच झोप लागायची.

घरी आल्याआल्या आत्याला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, सून परत येते. पण सरळ घरात नाही येत. आधी शेताच्या बांधावर बसून राहते, उजाडेपर्यंत. मग सासराच तिला न्यायला येतो. गोष्ट सांगताना आई इथवर आली की दरवेळी डोळे पुसायची."

लिहून ठेवलं आहे. उद्या बाईंना विचारायचं, पुस्तिकेच्या नोंदीसोबत हा कागद ठेवता येईल का.