बो डिडलीचे पाच ठोके आणि मधले अकरा

२ जून २००८ रोजी फ्लोरिडातल्या आर्चरमध्ये बो डिडली गेला, वयाच्या ७९व्या वर्षी. ‘रॉक अँड रोलचा एक जनक’ वगैरे तेव्हा सगळीकडे छापून आलं. खोटं नाही ते, पण त्याची आठवण काढायची तर गिटार घ्यावी आणि १९५५ सालच्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवरचा, त्याच्याच नावाच्या गाण्याचा ठेका वाजवून बघावा. ऐकायला सोपा, हातात मात्र येत नाही.

मोजायला आपल्या सोळा मात्रा चालतात. फक्त तीनतालासारखे चार-चारचे खंड नाहीत, ३-३-४-२-४ आहेत. जोर १, ४, ७, ११ आणि १३ वर. क्यूबात याच सांगाड्याला क्लावे म्हणतात.

बहुतेक जण हे पाचच ठोके वाजवतात आणि मध्ये हात थांबवतात. तिथेच गाणं मरतं. उजवा हात सोळाही मात्रा चालू हवा: विषम मात्रेला (१, ३, ५…) खाली, सम मात्रेला (२, ४, ६…) वर. म्हणजे पाचांतला एकच ठोका, चौथ्या मात्रेचा, वर जाताना येतो. नवशिक्या तो सवयीने खाली मारतो, हाताची दिशा उलटते आणि सातव्यापर्यंत सगळं विस्कटतं. वरचा झटका मुळातच हलका पडतो, म्हणून तो मुद्दाम दाबून मारा.

उरलेल्या अकरा मात्रांना तारांचा नाद दाबून नुसता ‘चक्’ आवाज काढायचा. डाव्या हाताची निदान दोन-तीन बोटं तारांवर अलगद आडवी टेकवा. एकच बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर टेकलं, तर हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखे बारीक स्वर, किणकिणतात.

बो डिडली गिटार ओपन ईमध्ये लावायचा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्डच वाजते: ई-बी-ई-जी शार्प-बी-ई. त्यात पाचवी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर चढते, तिसरी अर्धा. जाड तारांच्या अकूस्टिकवर हा ताण नको. सगळं एक स्वर खाली, ओपन डीमध्ये लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, टाका. कॉर्ड जवळजवळ एकच, त्यामुळे लपायला जागा नाही!

ग्रेच कंपनीच्या त्याच्या चौकोनी गिटारचं कौतुक फार होतं. माझ्या मते निम्मी जादू ट्रेमोलोची, म्हणजे आवाजाच्या थरथरीची. जुन्या डीआर्मंड यंत्रात मोटर एका डबीतला द्रव हिंदकळवते आणि त्यातून आवाज कमी-जास्त होतो. द्रव आटला की थरथर गेली. आताच्या पेडलवर वेग लयीला बांधा. मिनिटाला १०० बीट असतील (एक बीट म्हणजे चार मात्रा) तर दोन मात्रांना एक थरथर, म्हणजे ३०० मिलिसेकंद. अंदाजाने लावलात तर दोन-तीन आवर्तनांत ठेका आणि ट्रेमोलो भांडायला लागतात.

आणि मराका, म्हणजे दाणे भरलेले खुळखुळे. ते वाजवणाऱ्या जेरोम ग्रीनचे मराका काढून टाकले तर त्या रेकॉर्डमध्ये भोकं पडतील. मराका नसतील तर छोट्या डबीत दोन चमचे तांदूळ घाला. मूठभर घातलेत तर दाणे उशिरा आदळतात आणि लय मागे ओढली जाते.