तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयासमोर, माझे औषधांचे दुकान आहे. ज्या घरात कुणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो, त्या घरातील माणसे केव्हा ना केव्हा मला एक प्रश्न विचारतातच: "ताई, रिपोर्ट तं नार्मल आला, मंग आता हे चरबीची गोई कायले घ्याची?" चरबीची गोळी म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, बहुधा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. काउंटरवर उभ्या उभ्या दिलेले माझे उत्तर दोन वाक्यांचे असते आणि ते पटलेले नाही, हे पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला कुणी आले नाही की कळते. म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे. कुणाला कोणती मात्रा द्यायची हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, ते मी माझ्याकडे घेत नाही.

नॉर्मल म्हणजे काय, हे प्रयोगशाळेचा छापील कागद सरसकट सांगतो. तो ज्याच्या हाती पडतो त्याला झटका येऊन गेला आहे की नाही, याच्याशी त्या छपाईला देणेघेणे नसते. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे 'वाईट' कोलेस्टेरॉल, या घटकासमोर बहुतेक ठिकाणी '100 पेक्षा कमी' असे छापलेले असते. ज्याच्या हृदयाला कधी धक्का बसलेला नाही, त्याचे एलडीएल 90 आले तर कुणी काळजी करणार नाही. झटका येऊन गेलेल्या माणसासाठी मात्र युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये आणि आपल्याकडील कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये 55 मिलिग्रॅमच्या खाली, असे लक्ष्य दिले आहे. लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया तर 50 च्या खाली म्हणते. शिवाय औषध सुरू होण्यापूर्वी जी पातळी होती तिच्या निम्म्याने तरी ती उतरली पाहिजे, अशीही अपेक्षा असते. तेव्हा 90 हा आकडा हाती धरून मुलगा आनंदाने दुकानात येतो, तेव्हा त्याच्या वडिलांचे उपचार पूर्ण झालेले नसतात. उलट औषध पुरेसे पडत नाही, असे तो कागद सांगत असतो.

"अटॅक आला तेव्हाही चरबी नॉर्मलच होती," असेही पुष्कळ जण सांगतात. त्यात एक गोम आहे. झटक्यानंतर पहिला दिवस उलटला की एलडीएल आपोआप उतरू लागते आणि काही आठवडे खोटेच कमी राहते, त्यामुळे दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी काढलेल्या रक्तावरून मूळ पातळीचा अंदाज धरता येत नाही. म्हणूनच औषध सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितलेली असते. या तपासणीसाठी पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी येण्याची बहुधा गरज नसते, हेही जाता जाता सांगते. ट्रायग्लिसराइड हा रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार फार वाढलेला असेल तरच डॉक्टर उपाशीपोटी रक्त मागतात. मधुमेह असलेली वयस्क माणसे रिकाम्या पोटी बसस्थानकावर ताटकळताना पाहिली की मला राग येतो.

आता गोळी नेमके काय करते ते पाहू. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन यकृतातील हे काम मंदावते. मग यकृताला स्वतःसाठी कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ते रक्तातील एलडीएल अधिक जोमाने ओढून घेऊ लागते. ही ओढून घेण्याची यंत्रणा शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकांना 1985 चे नोबेल मिळाले. विहिरीवरचा पंप चालू असेपर्यंत पाणी खाली राहते आणि पंप बंद केला की झऱ्यांनी विहीर पुन्हा भरते, तसेच येथे घडते: गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी येते. रिपोर्ट चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून.

ही गोळी केवळ आकडा उतरवते की माणूस वाचवते, ही शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. ती 1994 साली स्कँडिनेव्हियातील एका अभ्यासाने फेडली. हृदयविकार असलेल्या 4444 रुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. औषध नसलेल्या गटात 256 मृत्यू झाले, औषधाच्या गटात 182. रक्तवाहिनीच्या भिंतीतील चरबीचा थर गोळीमुळे वितळून नाहीसा होतो असे नव्हे, पण तो वाढायचा थांबतो, काहीसा आक्रसतो आणि त्यावरचे आवरण घट्ट होऊन फुटण्याची शक्यता कमी होते. स्टेंट टाकला तो एका जागी. बाकीच्या वाहिन्यांत जे आहे त्याचा बंदोबस्त ही गोळी करते.

गोळी जाणूनबुजून सोडणाऱ्यांपेक्षा ती नकळत सुटलेली माणसे मला अधिक अस्वस्थ करतात. अँजिओप्लास्टीनंतर अनेकांना एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधे दिली जातात: रक्ताची गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, आणि स्टॅटिन. घरी तिला 'रक्त पातळ करायची गोळी' एवढेच नाव असते. साधारण वर्षभराने डॉक्टर क्लोपिडोग्रेल थांबवायला सांगतात, कारण पुढे बहुतेकांना एकटे अ‍ॅस्पिरिन पुरते. घरचे लोक ती कॅप्सूलच बंद करतात, नवी चिठ्ठी लिहून घ्यायचे राहून जाते आणि स्टॅटिनही तिच्यासोबत जाते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दुसरे असे की या कॅप्सूलमध्ये रोसुव्हास्टॅटिन पुष्कळदा 10 मिलिग्रॅमच असते. झटक्यानंतर सामान्यतः रोसुव्हास्टॅटिन 20 ते 40 किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40 ते 80 ही मात्रा अपेक्षित असते. वय, मूत्रपिंड, इतर औषधे पाहून डॉक्टर ती मुद्दाम कमी ठेवू शकतात. पण ती मुद्दाम ठेवली आहे की कॅप्सूल तशीच मिळते म्हणून राहिली आहे, एवढे विचारायला हरकत नाही.

एलडीएल 70-75 वर अडकले की घरचे विचारतात, मात्रा दुप्पट केली तर? स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरते. त्यापेक्षा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करणारे एझेटिमाइब जोडले तर साधारण वीस टक्क्यांची भर पडते, म्हणून डॉक्टर ते लिहितात. चिठ्ठीवर दुसरे नाव वाढलेले पाहून आजार बळावला, असा अर्थ काढू नये. सहा महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनेही आता भारतात मिळतात, परंतु त्यांची किंमत आपल्याकडच्या कापूस-सोयाबीनच्या हिशेबात बसणारी नाही आणि बहुतेकांची गरज या दोन गोळ्यांतच भागते.

अंगदुखीचे काय, हा प्रश्न खरा आहे. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाचे अंग दुखत नाही? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून ठेवले. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. म्हणून दुखते आहे असे वाटल्यास परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा औषध बदलून पाहतात. दोन्ही मांड्या-दंड असह्य दुखू लागले, उठवेनासे झाले किंवा लघवी गडद तांबूस झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे क्वचित घडते.

ते घडण्याचे एक कारण माझ्या काउंटरवरच असते. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी शेतात राबणाऱ्यांना गजकर्ण होते आणि चिठ्ठीशिवाय इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मागितल्या जातात. हे औषध रक्तातील अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे प्रमाण वाढवते. सिमव्हास्टॅटिनबरोबर तर ते देऊच नये. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही तसेच. गजकर्णासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हृदयाच्या गोळ्यांची फाईल सोबत न्या, आणि मी कॅप्सूल दिली नाही तर माझ्याशी भांडू नका.

माळकरी मंडळी, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला नेमाने जाणारी माणसे विचारतात की मटण-अंडे कधी शिवले नाही, तरी चरबी कशी? त्याचे उत्तर वर आलेच आहे: यकृत ती शाकाहाऱ्याच्याही शरीरात बनवते, आणि पाम तेल, वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापलेल्या कढईतले आलूबोंडे हे सारे शाकाहारीच आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी हे आपले जेवण उत्तमच आहे. फक्त भाजीवरची तर्री आवरावी. पथ्याने एलडीएल थोडेफार उतरते, निम्म्यावर येत नाही. लसूण किंवा अर्जुनाच्या सालीचा काढा यांनीही ते होत नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, मात्र सुटलाच पाहिजे. अँजिओप्लास्टी करून आलेला माणूस दुकानासमोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटून घेतो आणि मग माझ्याकडे गोळ्या घ्यायला येतो, तेव्हा त्याला मी ग्राहक म्हणून नव्हे, थोरल्या बहिणीसारखी बोलते.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, पण महिन्याच्या गोळ्या बहुतेकांना घरूनच आणाव्या लागतात, आणि पेरणीच्या तोंडावर बियाणे-खत आधी येते. जेनेरिक स्टॅटिन स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात तर फारच. सरकारी रुग्णालयात कधी मोफतही मिळते, तेथे आधी विचारावे. माझ्या दुकानातून नेणार असाल आणि हाताशी पैसे कमी असतील, तर दहा दिवसांच्या पूर्ण मात्रेच्या गोळ्या न्या आणि अकराव्या दिवशी पुन्हा या. महिना पुरावा म्हणून गोळीचे दोन तुकडे करू नका.