तुम्ही विचारलंत म्हणून: दम कोंडला की मी काय करते

बोगद्यात दम कोंडला की तुम्ही नेमकं काय करता, हे मला गाडीत विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर मांडवीच्या जेटीवर उभ्याउभ्या. विचारणारी बहुतेक वेळा आवाज खाली आणते. तिलाही होत असणार, हे त्यावरूनच कळतं. म्हणून या भीतीच्या झटक्याबद्दल, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, एकदा सगळं नीट लिहिते.

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला मी तिथेच होते. पहाटे वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं तेव्हा आईने भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण दाखवली. "याच्या वर नाय चढायचं, बाय." सकाळी ती खूण बुडाली. आम्ही दोघी माळ्यावर, आणि खाली तरंगणारा फ्रिज भिंतीवर आपटत होता. त्या दिवशी मी घाबरले नाही. आईची औषधं, कागदपत्रं, पिण्याचं पाणी, सगळं वर नेलं. पुढे महिनाभर चिखल उपसला. तेव्हाही काही नाही.

भीती आली ती ऑक्टोबरात, कोकण रेल्वेने रत्नागिरीला परत येताना, करबुड्याच्या बोगद्यात. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. उक्षी स्टेशन मागे पडलं, अंधार झाला आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. हवा आत जाईना. ओठ बधिर, बोटांना मुंग्या, मग बोटं आपोआप आत वळली ती उघडेनात. समोरच्या काकी माझी पाठ चोळत होत्या, "दीर्घ श्वास घे, घे अजून." मी घेत होते. जितका घ्यावा तितका कमीच पडत होता. आता आपण मरणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

दवाखान्यात ईसीजी नॉर्मल निघाला, ऑक्सिजन ९९. "काही झालेलं नाही, मनाचं आहे," असं सांगून मला घरी पाठवलं. या वाक्याचा मला आजही राग येतो. हृदय ठीक आहे, हे कळणं गरजेचंच होतं. पण वळलेली बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. काहीच झालं नव्हतं, तर ती वळली कशाने?

मग ज्याने त्याने आपापलं केलं. आत्याने देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. मला बरं वाटलं, कारण माझ्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं. भाऊ म्हणाला, कागदी पिशवीत श्वास घे. हे मात्र करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर पिशवीत ऑक्सिजन आणखी कमी पडतो. मी स्वतः करोनातला ऑक्सिमीटर पर्समध्ये ठेवला आणि दिवसातून वीसवीसदा बोट घालून बघू लागले. त्याने धीर यायचा तो पाच मिनिटं. ट्रेन सोडून एसटी धरली. पावसाळा आला तशी एसटीही सुटली. आठ महिन्यांत माझं जग घर ते भाजी मार्केट एवढंच उरलं. झटक्यापेक्षा हे जास्त वाईट होतं.

मनोविकारतज्ज्ञांकडे जायला मी फार उशीर केला. राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत, त्यामुळे इथे 'मानसिक' म्हटलं की लोकांना त्याचं फाटकच आठवतं. कुणी पाहील म्हणून मी दोनदा दवाखान्याच्या दारातून परत फिरले.

तिसऱ्यांदा आत गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पुराचंही. आधी थायरॉइड आणि रक्त तपासून घेतलं. पुढच्या वेळी म्हणाल्या, "आता इथे माझ्यासमोर मिनिटभर भराभर श्वास घ्या." मी घेतले. चाळिसाव्या सेकंदाला ओठ बधिर, बोटांना मुंग्या, डोकं हलकं. बोगदा नाही, पाणी नाही, पंख्याखाली खुर्चीत बसून तेच सगळं आलं.

मग त्यांनी समजावलं. रक्तात थोडा कार्बन डायऑक्साइड राहावाच लागतो. भराभर श्वास घेतला की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून घेरी. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या, म्हणून वळलेली बोटं. हवा कमी पडतेय असं वाटतं, पण ऑक्सिजन भरपूर असतो.

हे आईला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "पावसात ओली लाकडं फुंकून फुंकून घेरी येते ती हीच की." न्हाणीच्या चुलीपुढे बसलेल्या प्रत्येकीला हे माहीत आहे. डोळ्यांपुढे काजवे येतात, मग फुंकणी बाजूला ठेवून जरा टेकायचं. तेव्हा कुणाला आपण मरतोय असं वाटत नाही.

तर मी काय करते. मी श्वास घेत नाही, आधी सोडते. विस्तव नुसता जागा ठेवायचा असेल तेव्हा फुंकणीतून वारा कसा हलका, लांबवत सोडतो, तसे ओठ करून. मग नाकाने ४ आकडे आत, पुन्हा ६ आकडे बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. छाती फुगवायची नाही, पोट हलू द्यायचं. आणि हे बरं असताना रोज दोन वेळा करायचं. ऐन झटक्यात शिकायला गेलात तर जमत नाही. आला की मनात म्हणते, हा आला, दहा मिनिटांत चढेल, अर्ध्या तासात उतरेल. त्याला थोपवायला जात नाही, जागेवरून पळतही नाही. पळालं की पुढच्या खेपेला तीच जागा जास्त भिववते.

मला गोळ्याही होत्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे गेले आणि त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी थांबवल्या नाहीत. बरोबर सीबीटी चालू होती, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत. त्यात भीतीच्या जागी थोडंथोडं करून जायचं होतं. आधी नुसतं रत्नागिरी स्टेशनावर जाऊन बसायचं. मग भोक्यापर्यंत, म्हणजे बोगद्याच्या अलीकडे. मग भावाबरोबर पॅसेंजरने संगमेश्वर. मग एकटी. ऑक्सिमीटर घरी ठेवून.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पहिल्या खेपेला, किंवा कळ हातात-जबड्यात जात असेल, श्रम केल्यावर छाती दुखत असेल, श्वासात शिट्टी वाजत असेल, ओठ निळे पडले असतील, शुद्ध हरपली असेल, तर माझं हे काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि तपासण्या नॉर्मल येऊनही त्रास होत असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. दारातून परत फिरू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलतात.

अजूनही येतो कधीतरी. गेल्या महिन्यात करबुड्यातच आला, अर्ध्यात. ओठ बधिर झाले, मी वारा सोडत बसले. शेजारच्या मुलीने विचारलं, "काकी, पाणी देऊ?" मी हाताने थांब म्हटलं. भोक्याला उजेड आला तेव्हा बोटं अजून थरथरत होती. मग तिच्याकडून पाणी घेतलं आणि तिने डबा उघडला तेव्हा तिच्याबरोबर दोन घावनेही खाल्ली.