मॉनिटरचा स्टँड, त्यातला खण आणि कटिंगवाल्याकडे अडकलेले सहा मिलीमीटर

मॉनिटरखाली ठेवायला एक स्टँड, त्यातच छोटासा खण, म्हणजे टेबलावरची जागा मोकळी. एवढंच काम होतं. स्टँड आता टेबलावर आहे आणि मला तो फार आवडतो. पण प्लाय मापात कापून देणाऱ्या कटिंगवाल्याच्या काउंटरवर ऐकलेलं "अढार एटले अढार, बेन" हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय. बडोद्यात काय किंवा आणखी कुठे, असं काही कापून घेणार असाल तर माझे गेले ते दिवस तुमचे तरी वाचावेत.

आम्ही दांडिया बाजाराजवळ राहतो. मी घरूनच जीएसटी आणि आयकराची रिटर्न्स भरण्याची कामं करते. टेबल 90 सेंमी रुंद आणि 53 सेंमी खोल. त्यावर साडेअठरा इंची मॉनिटर, की-बोर्ड, कॅल्क्युलेटर, शिक्के, स्टॅम्पपॅड, डिजिटल सहीची टोकनं, आणि यातून जी जागा उरेल तिथे क्लायंटची फाइल उघडायची. फाइल उघडली की की-बोर्ड मांडीवर. असं किती दिवस चालवणार?

तयार स्टँड बघितले. बहुतेक एक तर खूप उंच होते किंवा नुसतीच फळी आणि दोन पाय. उंचीचं आधी सांगते, कारण ते बघायला कुणी जात नाही. जास्त सामान मावावं म्हणून स्टँड उंच करायचा मोह होतो. पण उंची सामानावरून ठरवायचीच नाही, डोळ्यांवरून ठरवायची. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली यायला हवी. वर गेली की मान मागे टाकून बघावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मानेचं खोबरं होतं. माझ्या खुर्चीत ताठ बसल्यावर जमिनीपासून डोळे 118.5 सेंमीवर येतात. टेबल 74 सेंमी. म्हणजे टेबलापासून डोळे 44.5 सेंमी वर. मॉनिटर त्याच्या स्वतःच्या पायासकट 35.5 सेंमी. उरले 9. स्टँड नऊ सेंटिमीटरचा, यापुढे एक दोराही नाही. काही दिवस मॉनिटरखाली तेवढ्याच उंचीचा फायलींचा गठ्ठा ठेवून काम करून बघितलं, मगच कागदावर रेघ मारली. तुमचा मॉनिटर 24 इंची असेल तर तो मुळातच उंच असतो, तुमच्या वाट्याला कदाचित तीन-चार सेंटिमीटरच येतील, किंवा काहीच नाही.

नऊ सेंटिमीटरमध्ये वरच्या फळीची जाडीच दोन खाऊन टाकते, आत उरतात सात. सात सेंटिमीटरमध्ये की-बोर्डावर खण असं दुमजली काही बसत नाही. म्हणून मी स्टँड आडवा वाढवला. डावीकडे 480 मिमीचा उघडा कप्पा, त्यात की-बोर्ड आत सरकवायचा (माझा की-बोर्ड 445 मिमी लांब आहे), आणि उजवीकडे 220 मिमीचा कप्पा, त्यात खण. खणात शिक्के आडवे, कॅल्क्युलेटर, टोकनं, पिना, सगळं जातं. मागची बाजू पूर्ण बंद केली नाही. वर फक्त एक आडवी पट्टी, फळीला बाक येऊ नये म्हणून, आणि तिच्याखालून वायरी जातात. की-बोर्डाची वायर मागे गोळा होते, तिलाही जागा लागते, हे नकाशात आठवणीने धरा.

प्लाय 18 मिमीची घेतली, बीडब्ल्यूआर ग्रेडची, म्हणजे पाण्याला टिकणारी. 12 मिमीची स्वस्त पडते, पण फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे तेवढ्याच वजनाखाली 12ची फळी 18च्या साधारण 3.4 पट वाकते. पार्टिकल बोर्डाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या नातेवाइकांची तसली कपाटं खालून कशी फुगली होती, ते बघितलंय मी.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खण ज्यावर आतबाहेर सरकतो ती चॅनल आणली, नेहमीची 45 मिमी उंचीची टेलिस्कोपिक, दहा इंची. त्याहून लहान लांबीची शोधत बसावं लागतं, म्हणून स्टँडचीच खोली 280 मिमी ठरवली. आधी चॅनल विकत घ्या, मग नकाशा काढा. हे मी केलं आणि माझा बराच त्रास वाचला.

आता मुख्य गोष्ट. या चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी जागा लागते. दोन्ही बाजू मिळून साधारण 26 धरायची. कप्पा आतून 220, तर खणाची पेटी बाहेरून 194. यात फारसं इकडे-तिकडे चालत नाही. जागा कमी पडली तर खण आत जातच नाही, जास्त झालं तर चॅनल लटपटते आणि तिच्यातल्या गोळ्या निसटतात. म्हणून मी नकाशावर लाल पेनाने लिहिलं होतं: आतली मापं 480 आणि 220 पक्की, बाहेरची रुंदी जी येईल ती येऊ दे. सासऱ्यांनी तो कागद तपासून दिला. त्यांचं अख्खं आयुष्य कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलं, आणि त्यांचे वडील सयाजीरावांनी 1890 साली काढलेल्या कलाभवनात ड्रॉइंग शिकले होते. माप आतलं की बाहेरचं हे न लिहिलेला कागद आमच्या घरात कुणी हातात धरत नाही.

मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला एका कटिंगवाल्याकडे काम दिलं. नाव लिहीत नाही. शीट पॅनेल सॉवर (कापायच्या मोठ्या मशीनवर) कापून, सनमायका प्रेस करून, कापलेल्या कडांना एजबँडची पट्टी लावून, जोडून देतो असं ठरलं. ॲडव्हान्स घेतला. काउंटरवरच्या मुलाने माझा कागद बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरमध्ये जाडीच्या चौकटीत 18 टाकलं. 480, 220 आणि तीन उभ्या पट्ट्यांचे 54, मिळून बाहेरची रुंदी 754. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "भाई, 18 ही नुसत्या प्लायची जाडी. बाहेरून एक मिलीमीटर सनमायका, आतून लायनरचा पातळ थर, मध्ये गोंद. पट्टी 20ची होणार." त्यावर ते वर लिहिलेलं उत्तर. अठरा म्हणजे अठराच. सगळे बाहेरचंच माप देतात, इतकी वर्षं चाललंय, कुणाची तक्रार नाही.

स्टँड तयार झाला म्हणून फोन आला. दिसायला सुरेख. खण मात्र तोंडाशीच अडकला. टेप लावली, तर कप्पा आतून 214. तीन पट्ट्या प्रत्येकी दोन मिलीमीटरने जाड, बाहेरची रुंदी 754 कायम, मग ते सहा मिलीमीटर कुठून जाणार? खणाच्या कप्प्यातूनच गेले. आधी म्हणाले चॅनल खराब आहे. दुसरी लावली, तीही अडकली. मग म्हणाले प्रेस नीट बसलं नाही. मी सासऱ्यांचा व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेले आणि पट्टी त्याच्या जबड्यात धरून दाखवली. 20. मुलाने बघितलं, मालकाला बोलावलं, मालकाने बघितलं, आणि म्हणाले, "मूकी जाओ, करी आपशुं." ठेवून जा, करून देऊ.

ठेवून गेले, तिथेच फसले म्हणायला हवं, कारण दिवाळी तोंडावर होती. "काले आवजो", उद्या या, सुरू झालं. उद्या गेलं की कारागीर बाहेर गेलेला. परवा गेलं की मशीनवर मोठ्या किचनचं काम. माझा स्टँड एका कोपऱ्यात, त्यावर कुणाच्या तरी शीटचे कापलेले तुकडे, वरच्या सनमायक्यावर बारीक चरा पडलेला. तो चरा बघून डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मग दिवाळी. गुजरातेत दिवाळीला बंद झालेलं दुकान लाभपाचमीला (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण उघडतं म्हणजे पूजा होते, मुहूर्ताचं एखादं बिल फाटतं. कारागीर गावाहून यायला देवदिवाळी, म्हणजे इथली कार्तिकी पौर्णिमा, उजाडते. इकडे माझं जीएसटीचं वार्षिक रिटर्न 31 डिसेंबरच्या मुदतीचं, फायलींचे ढीग, आणि की-बोर्ड पुन्हा मांडीवर. तेव्हा दसऱ्यानंतर कुणालाही असलं काम देऊ नका. दिलंच तर वस्तू त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. वस्तू आपल्या घरी आणि थोडे पैसे आपल्या हातात असले की फोन त्यांचा येतो. वस्तू त्यांच्याकडे राहिली की फोन आपणच करत बसायचं.

शेवटी मी रिक्षा करून गेले आणि स्टँड आहे तसा उचलून आणला. मालक म्हणत होते, आज संध्याकाळी नक्की. मी थांबले नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्रीकाका बसतात, मोठी कामं आता घेत नाहीत. त्यांनी स्टँड उलटा केला, खालून बघितला, आणि मधल्या उभ्या पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "बेन, वच्चेनुं पाटियुं खसेडी दईए." मधली पट्टी सरकवून टाकू. की-बोर्डाचा कप्पा 480 आहे, की-बोर्ड 445. तिथले सहा मिलीमीटर खणाला दिले तर तिथे 474 उरतात, कुणाचं काही अडत नाही. मधली पट्टी खालून एल-पट्ट्यांनीच बसवलेली होती. त्यांनी स्क्रू काढले, सूत मारलं, पट्टी सरकवली. जुन्या भोकांच्या अगदी शेजारी स्क्रू धरत नाही, म्हणून एल-पट्ट्या थोड्या पुढे-मागे घेऊन कोऱ्या जागेत भोकं पाडली. मग चॅनलवर पेटी चढवली. चहा निवायच्या आत खण एका बोटाने आतबाहेर व्हायला लागला. ज्या कामासाठी मशीनवाल्याने दिवाळी घालवली, त्याला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक गुण्या आणि कागद वाचणारा माणूस एवढंच पुरलं. पैसे घेईनात. मी बळेच दिले.

मध्ये सांगायचं राहिलं ते इथे सांगते. या स्टँडला 18ची प्लाय जेमतेम तीन-साडेतीन स्क्वेअर फूट लागते आणि आठ बाय चारची शीट 32 स्क्वेअर फुटांची असते, म्हणून पूर्ण शीटचे पैसे देऊ नका, कटपीस मागा. प्रत्येक कटिंगवाल्याकडे पडलेले असतात. उभ्या पट्ट्या सात सेंटिमीटरच्या, इतके लहान तुकडे एजबँडच्या मशीनमधून नीट जात नाहीत. लांब पट्टी असतानाच एजबँड लावून घ्या आणि मग तुकडे करा. पात्याची जाडी, तीन-चार मिलीमीटर, प्रत्येक कापाला धरा. आणि कटिंग लिस्टवर "तयार जाडी" असा वेगळा रकाना करा. काउंटरवरच्या माणसाला त्याच रकान्यावर सही करायला सांगा. सही करताना तो एकदा तरी वाचतो.

कटिंगवाल्याचे उरलेले पैसे मी चऱ्याचे आणि मिस्त्रीकाकांचे वजा करून दिले. खळखळ झाली. मी नकाशा आणि कॅलिपर दोन्ही काउंटरवर ठेवले, मग त्यांनी बिल तसंच फाडलं.

स्टँड बघून माझ्या जाऊबाईंनाही हवासा वाटला. त्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. अशा चष्म्यातून स्क्रीन भिंगाच्या खालच्या भागातून दिसतो, म्हणून मॉनिटर आणखी खाली लागतो, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. त्यांचं माप निघालं सहा सेंटिमीटर. वरच्या फळीचे दोन गेले की आत चार, म्हणजे 45 मिमीची चॅनल बसतच नाही. त्यांनी आग्रह केला की थोडा उंच करू, पण खण हवाच. मी ऐकलं नाही. त्यांना की-बोर्डाचा उघडा कप्पा आणि शेजारी बिनचॅनलचा, नुसता ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे, एवढंच मिळणार आहे. कटपीस मिस्त्रीकाकांनी आणून ठेवलाय.