परत आलेली किल्ली

आज उपासनेनंतर मी दाराशी उभा राहून सर्वांचा सलाम घेत असताना आमच्या चर्चचे पैसे सांभाळणाऱ्या तरुणाने माझ्या हातात कपाटाची किल्ली ठेवली. ती एका कोऱ्या पावतीत गुंडाळलेली होती आणि पावतीच्या चारही कडा त्याने नीट आत दुमडल्या होत्या. "पाळकसाहेब, मला एकट्याला बोलावून विचारला असतासा तर मी सगळं सांगितलो असतो," एवढे बोलून तो पायऱ्या उतरून गेला.

हंगामाच्या सणाला लोक देवाला वाहतात त्या वस्तूंच्या लिलावातले १,८५० रुपये त्याने वापरले होते, यात शंका नाही. एकच कोंबडा तीनदा बोलीला चढतो, घेणारा तो पुन्हा देवाला देतो, रताळ्यांच्या पाटीवर आणि नव्या बासमतीवर बोली करणारे निम्मे लोक "पुढच्या रविवारी देतो" म्हणतात, आणि वहीतला आकडा व डब्यातली रोकड यांची गाठ पडेपर्यंत नाताळ येतो. या गोंधळाचा आडोसा त्याने घेतला. हे त्याला दाखवणे माझे कामच होते. पण मी कमिटीच्या बैठकीत, नऊ जणांदेखत, ती वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "वाच." तो कन्नड शाळेत शिकलेला आहे, मराठी बोलतो उत्तम, पण हाताने लिहिलेले मराठी वाचताना अडखळतो, हे मला माहीत होते. तो एका जोडाक्षरापाशी थांबला तेव्हा कोणीतरी हसले. मी हसणाऱ्याला काही बोललो नाही.

गेला आठवडाभर मी स्वतःची समजूत घालत आहे की हिशेब सर्वांचा होता म्हणून तो सर्वांपुढे विचारला, आणि हे पद असे आहे की बोललो तर कठोर, न बोललो तर मिंधा ठरतो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे हे कसे निभावले कोण जाणे. ते असो. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, प्रभूने पहिली पायरी स्पष्ट सांगितली आहे की अपराध दोघे एकटे असताना दाखवावा. दोन-तीन साक्षीदार त्यानंतर आणि मंडळी, म्हणजे सगळे चर्च, सर्वांत शेवटी. मी पहिली पायरी ओलांडून थेट वर जाऊन उभा राहिलो. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो की अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. आमच्याकडे ताळ्यावर आणणे म्हटले की डोळ्यांपुढे छडीच येते, पण मूळ ग्रीकमध्ये तेथे जे क्रियापद आहे, तेच मत्तयाच्या चौथ्या अध्यायात याकोब आणि योहान नावेत बसून जाळी नीट करीत होते त्या ठिकाणी आले आहे. याच वचनावर मी दोनदा उपदेश केला आहे, आणि दोन्ही वेळा लोकांनी तो चांगला झाल्याचे सांगितले.

मात्र मला खरी बोच आहे ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या वर्षी टिळकवाडीत आम्ही मंडळीच्या एका वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्याकडे, गेलो होतो. इमारत निधीचे अकरा हजार रुपये चार महिने त्यांच्याकडे राहिले होते; पण ज्यांचे घराणे १८२० साली बेळगावात आलेल्या लंडन मिशनच्या काळापासूनचे म्हणून सांगितले जाते, त्यांच्यापुढे वही कोण सरकवणार? बशीतला कुंदा संपेपर्यंत आम्ही पावसाविषयी बोललो आणि निघताना, चपला घालता घालता, मी म्हणालो, "तेवढे सवडीने बघा." पैसे आले. त्या भेटीला मी माझ्या सौम्यपणाचा दाखला मानत होतो, आणि आज किल्ली हातात आल्यावर कळले की ती निव्वळ भीती होती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्वांसमक्ष दोष दाखवण्याची गोष्ट येते ती मंडळीच्या वडिलांच्या संदर्भात, आणि लगेच पुढच्या वचनात पक्षपात करू नको अशी ताकीद आहे. एकांत मी टिळकवाडीच्या वडिलांना दिला आणि चारचौघे त्या पोराला. एवढी अचूक उलटापालट मुद्दाम करायची म्हटली तरी मला जमली नसती.

रात्री हे सगळे घरात बोलून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी भाकरी उलटता उलटता विचारले, "अहो, मग त्याला हसला कोण होता?" मी नाव सांगितले. "त्याला काय बोललात?" यावर मी पाणी प्यालो.

उद्या सकाळच्या बसने त्या पोराकडे खानापूरला जाईन. वही नेणार नाही, किल्ली नेईन. ती तो लगेच घेईल असे वाटत नाही, आणि घ्यावी असा आग्रहही करता येणार नाही, कारण रक्कम अजून भरायची आहे. बैठकीत जे झाले त्याची माफी मात्र पुढच्या बैठकीतच, त्याच नऊ जणांपुढे मागावी लागेल. तिथे एकांत चालणार नाही. टिळकवाडीला त्यानंतर जाईन. तिथे कुंदा पुढे येईलच, आणि मला तो फार आवडतो.