वाळूजची बाटली, पुण्याचा ग्लास

मराठवाड्यात बियरची चौकशी चवीपासून सुरू होत नाही. परमिट रूममध्ये पहिला प्रश्न "थंड आहे का?" हा असतो आणि दुसरा "माइल्ड की स्ट्राँग?" हा. गंमत म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बड्या कंपन्यांचे बियरचे कारखाने आहेत आणि त्यांना पाणी जायकवाडीचे मिळते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मितीच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. बियरमध्ये मुख्यतः पाणीच असते, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळले.

कारखान्यातली बियर बहुधा लागर असते. ती कमी तापमानाला आंबवतात, थंडीतच मुरवतात आणि गाळून नितळ करतात. जवाच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, पुष्कळदा तांदूळ किंवा मका घालून तिला हलकी करतात. तिला बेचव म्हणण्याची हल्ली फॅशन आहे, पण बीडला उघडलेली बाटली आणि नांदेडला उघडलेली बाटली अगदी सारखी लागावी, यामागे मोठे कसब असते. पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची माइल्ड आणि आठपर्यंतची स्ट्राँग, यांत आमचे लोक बहुधा दुसरीकडे झुकतात, कारण तिथे हिशेब जिभेपेक्षा खिशाचा असतो.

क्राफ्ट बियर, म्हणजे थोड्या प्रमाणात, वेगवेगळ्या चवींची केलेली बियर, आमच्याकडे पुण्याला शिकायला आणि नोकरीला गेलेल्या मुलांच्या तोंडून आली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही स्वतःची बियर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढे २०१५ मध्ये बिरा ९१ आली आणि गव्हाची बियर दुकानाच्या फ्रीजमध्येही दिसू लागली. माझा पुतण्या आता "काका, आधी वास घ्या" असे सांगतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळे नसते आणि लवंगही नसते, ही सगळी करामत यीस्टची असते. हॉप्सचा, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, सढळ वापर केलेली आयपीए नावाची बियर मात्र मला कारल्याच्या भाजीसारखी वाटली: आवडायला वय लागते आणि माझे ते बहुधा उलटून गेले आहे.

खरी अडचण तापमानाची आहे. बर्फगार बियरने जीभ बधिर होते आणि वास दबतो, म्हणून क्राफ्टवाले ती जरा कमी थंड द्या म्हणतात. बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात हा सल्ला परभणीत कुणाला देऊन पाहावा! त्या दिवसांत मला लागरच लागते आणि तिच्या वासाची चर्चा नको असते. हुरड्याच्या दिवसांत, शेतावर गारवा उतरल्यावर, गव्हाची बियर सावकाश पिण्यात मात्र अर्थ आहे.

क्राफ्टवाल्यांकडे माझी तक्रार वेगळीच आहे. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. मग भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीची साल कुणी का घालून पाहू नये? ज्वारीची बियर आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या करतात. ज्वारीच्या माल्टमध्ये स्टार्चची साखर करणारी विकरे जवापेक्षा कमी पडतात, म्हणून सोबत थोडा जव घ्यावा लागेल, एवढेच. तसा ग्लास कुणी समोर ठेवला, तर पुतण्याच्या आधी मीच वास घेईन आणि पुण्याचा दरही बिनतक्रार देईन.